एकशे आठ खण आणि एक फट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. बारा ओळी, प्रत्येक ओळीत नऊ खण, असे माझे एकशे आठ खण. आज मी इंग्लंडमधल्या लडलो गावातल्या एका प्राथमिक शाळेच्या दारापाशी उभी असते आणि माझ्या खणांत मुलांचे चिखलाने माखलेले बूट असतात. मला त्याची लाज वाटत नाही. पण येताजाता कुणी ‘ती बुटांची मांडणी’ म्हणाले की माझ्या फळ्या थोड्या कुरकुरतात. एके काळी माझ्या खणांत बूट नव्हते, शब्द होते.

माझ्या आठव्या ओळीतल्या चौथ्या खणात वाकून पाहिले तर मागच्या बाजूला एक फट दिसते, आणि फटीच्या काठावर नखाएवढा सोनेरी ठिपका. मुले त्यावर बोट फिरवतात आणि बाईंना विचारतात, “हे खरं सोनं आहे का?” बाईंना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ते खरे सोने आहे, आणि ते तिथे कसे आले हे सांगायला माझ्याखेरीज आता कुणी उरलेले नाही.

माझा जन्म सायलस नावाच्या सुताराच्या हातून झाला. डॉक्टर थर्लबी नावाच्या एका विद्वान गृहस्थांनी याच गावातल्या चर्चमागचे लोकरीचे जुने कोठार भाड्याने घेतले होते आणि तिथे त्यांना इंग्रजी भाषेचा शब्दकोश करायचा होता. त्यासाठी त्यांना सात मांडण्या हव्या होत्या आणि त्या पंधरा दिवसांत हव्या होत्या. सायलसचा हात चांगला होता, पण घाई झाली. माझ्या आठव्या ओळीची फळी त्याने ओल्या लाकडाची घातली. “बसेल आपोआप,” असे म्हणून त्याने शेवटचा खिळा ठोकला. पहिल्याच हिवाळ्यात शेगडीच्या उबेने ती फळी आकसली आणि मागे वीतभर खोल, पण सुरीच्या पात्याएवढीच रुंद अशी फट पडली. बाकी सर्वांगी मी देखणी होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, डॉक्टरसाहेब स्वतः पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करत आणि म्हणत, “ही माझी सर्वांत सरळ उभी राहणारी सहकारी.”

शब्द खणात कसा राहतो, असे तुम्ही विचाराल. चिठ्ठीवर राहतो. देशभरातली वाचनाची आवड असलेली माणसे, शिक्षक, पाद्री, निवृत्त होऊन घरी बसलेले कॅप्टन, जुनी पुस्तके वाचत आणि एखादा शब्द नजरेत भरला की अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर लिहून पाठवत. डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली पुस्तकाचे नाव आणि साल, आणि खाली तो शब्द जिथे आला ते वाक्य, जसेच्या तसे. रोज पोतेभर चिठ्ठ्या येत. ‘पी’ या अक्षराने सुरू होणारे शब्द माझ्या वाट्याला आले होते, आणि ‘पी’ला केवढा मोठा कुटुंबकबिला आहे हे तुम्ही कुठलाही शब्दकोश उचलून पाहा.

त्या कोठाराचा एकच कायदा होता. डॉक्टरसाहेबांनी तो दारावर खडूने लिहून ठेवला होता: चिठ्ठी नाही, तर शब्दाला बाप नाही. एखादा शब्द कुठून आला, कुणाचा कोण, हे कितीही मोठ्या पंडिताने सांगितले तरी पुरावा चिठ्ठीवर पाहिजे. आणि त्याच कायद्याचे दुसरे टोक होते. जो चिठ्ठी हरवील त्याने सामान आवरावे.

टॅबिथा ग्रीनस्लेड आमच्याकडे आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिचे वडील जोनस हे गावातल्या दुकानांच्या आणि खानावळींच्या पाट्या रंगवत. त्यांची नजर मंद होत चालली होती, आणि खाटकाच्या माडीवरच्या त्या दोन खोल्यांत चूल पेटायची ती आता मुख्यतः टॅबिथाच्या पगारावर. तिला चिठ्ठ्या लावण्याचे काम मिळाले. तिच्याइतका स्वच्छ हात मी पाहिला नाही. चिठ्ठी खणात टाकताना ती कधी कोंबत नसे. गठ्ठा दोन बोटांनी किंचित उघडायची, चिठ्ठी आत सरकवायची आणि दोरा पुन्हा बांधायची. चार वर्षांत तिच्या हातून एक चिठ्ठी इकडची तिकडे गेली नाही. मला तिचा अभिमान होता, आणि तिला माझा. शनिवारी दुपारी सगळे चहाला उठले की ती जवसाच्या तेलाचे फडके माझ्यावरून फिरवायची.

आमचे मुख्य साहाय्यक होते पॉमफ्रेसाहेब. हुशार माणूस, पण हुशारीला घाई जडलेली. शब्दांची कुळे जुळवणे हे त्यांचे काम. एका हिवाळ्यात ते ‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ या शब्दांवर आले. ‘पेन’चा गठ्ठा आठव्या ओळीच्या चौथ्या खणात होता, ‘पेन्सिल’चा पाचव्या. पॉमफ्रेसाहेबांनी दोन्ही नावे एकदा मोठ्याने उच्चारली, हसले, आणि पाचव्या खणातला सगळा गठ्ठा उचलून चौथ्या खणात कोंबला. “आईपासून लेकराला कशाला वेगळं ठेवायचं?” म्हणाले. दोन्ही गोष्टींनी लिहितात, नावेही एकमेकांसारखी, म्हणजे पेन्सिल हे पेनचे धाकटे पोर. त्यांच्या मते गोष्ट इतकी सोपी होती. आडनाव एक दिसले की भाऊबंद ठरवायचे, अशातली गत.

गठ्ठा कोंबताना त्यातली सर्वांत मागची चिठ्ठी दुमडली आणि माझ्या फटीत उतरली. मला ती जाणवली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला तोंड नसल्याचे दुःख एकदाच झाले, ते त्या क्षणी.

सोमवारी छापखान्यातून कच्चा छापील कागद आला. तो तपासून शनिवारी साडेचारच्या टपालाने परत जायचा होता. टॅबिथा कागदांची चळत लावत होती. तिची नजर एका ओळीवर थांबली आणि ती सरळ पॉमफ्रेसाहेबांच्या टेबलाशी गेली. तिला मी इतक्या जोरात चालताना पाहिले नव्हते.

“सर, इथे लिहिलंय की पेन्सिल म्हणजे छोटं पेन. हे चूक आहे.”

“मिस ग्रीनस्लेड, तुमचं काम चिठ्ठ्या लावायचं. शब्दांची लग्नं आणि बारशी आम्ही बघतो.”

“बघा ना, सर. पण लेकरू दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवू नका. आमच्या घरी पाटी रंगवायच्या बारीक ब्रशला पेन्सिल म्हणतात. बाबा म्हणतात, आजोबाही म्हणायचे. त्यात शिसं नसतं की शाई नसते. नुसते केस असतात.”

“तुमच्या बाबांची विद्वत्ता आम्ही रोज जातायेता वाचतो,” पॉमफ्रेसाहेब म्हणाले. “त्या नाक्यावरच्या खानावळीवर हंस म्हणून बदक काढलंय त्यांनी.”

“हंसच आहे तो, सर. लठ्ठ आहे.”

दोघे तिघे लेखनिक हसले. आवाज ऐकून डॉक्टरसाहेब आतल्या खोलीतून आले. त्यांनी टॅबिथाचे शांतपणे ऐकून घेतले.

“पेन म्हणजे पीस, हे पक्कं आहे,” ते म्हणाले. “पिसानेच लिहायचे लोक. आणि लॅटिनमध्ये ब्रशला एक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ छोटीशी शेपटी. तो आपल्या पेन्सिलच्या जवळ जातो, हेही मला दिसतंय. पण दोन्हींच्या मधला पूल कुठाय? आपल्याकडच्या पेन्सिलच्या सगळ्या चिठ्ठ्या शिशाच्या कांडीच्या आहेत. तुमच्या वडिलांचा शब्द खरा असेल, पण तो कालचा आहे. मला चारशे वर्षांपूर्वीचा हवा.”

“आहे, सर. मी स्वतः लावलीय ती चिठ्ठी. एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी पाठवलेली. ते साखरेच्या पुड्याच्या निळ्या कागदावर लिहायचे. चित्रं रंगवायच्या जुन्या पोथीतलं वाक्य होतं, मेरीमातेच्या झग्याबद्दल.”

गठ्ठा सोडला. निळी चिठ्ठी नव्हती.

“नसलेली चिठ्ठी दोनच प्रकारची असते,” पॉमफ्रेसाहेब म्हणाले. “एक स्वप्नातली आणि दुसरी हरवलेली. कुठली ते मिस ग्रीनस्लेडनीच सांगावं.”

डॉक्टरसाहेब मनाने मऊ होते, पण दारावरचा कायदा त्यांच्याच अक्षरात होता. ते म्हणाले, “शनिवारच्या टपालापर्यंत वेळ आहे. चिठ्ठी मिळाली तर कागद मी माझ्या हाताने दुरुस्त करीन. नाही मिळाली, तर काय करावं लागेल ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि कागद आहे तसा जाईल. एकदा छापलं की शंभर वर्षं लोक तेच खरं धरून चालतील.”

मंगळवार ते शुक्रवार टॅबिथाने माझे एकशे आठही खण रिकामे केले आणि भरले. दुसऱ्या मांडण्याही पाहिल्या. जेवणाची सुट्टी घेतली नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना तिने माझ्या फळीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “तूही मला साथ दिली नाहीस ना?” माझ्या बाजूने सांगायचे तर मी त्या आठवड्यात जितकी कुरकुरले तितकी जन्मात कुरकुरले नव्हते. पण हिवाळ्यात लाकूड कुरकुरतेच, असे समजून कुणी लक्ष दिले नाही.

शनिवारी दुपारी जोनस आले. नाक्यावरच्या खानावळीच्या पाटीवर सोन्याचा वर्ख लावायचा होता, तिथे जाताना ते लेकीला ब्रेड, चीज आणि मुरवलेला कांदा द्यायला थांबले. खांद्याला रंगांची पेटी होती. टॅबिथा माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली होती.

“पोरी, काय देवळात बसल्यासारखी बसलीस? आधी खाऊन घे.”

“बाबा, साडेचारला माझी नोकरी जाणार.”

जोनसनी पेटी खाली ठेवली. तिने सगळे सांगितले. बदकाचेही सांगितले. ते एवढेच म्हणाले, “हंसाला काय, मान लांब केली की झालं,” आणि तिच्या शेजारी बसले. डोळ्यांनी त्यांना फारसे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी रंगाऱ्याच्या सवयीने माझ्या लाकडावरून बोटे फिरवायला सुरुवात केली. तीस वर्षे पाट्यांच्या फळ्या चाचपलेली बोटे ती. आठव्या ओळीच्या चौथ्या खणात ती मागे गेली आणि थांबली.

“ही फळी ओल्या लाकडाची आहे. मागे फट आहे इथे. वारा लागतोय.”

टॅबिथाने खण रिकामा केला, मेणबत्ती आत धरली आणि डोळा लावला. खोल आत एक निळा कोपरा दिसत होता.

तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. पॉमफ्रेसाहेबांनी आपली कागद कापायची सुरी आत घातली. चिठ्ठी आणखी खाली गेली. “अहो, थांबा!” टॅबिथा ओरडली. कोठारात आजवर कुणी त्यांच्यावर ओरडले नव्हते. सायलसला बोलावून मला मागून फोडायचे असेही कुणी सुचवले. पण फळीचे खिळे ओढताना कागद फाटला असता, आणि चार वाजून गेले होते.

जोनसनी पेटी उघडली. तिच्यातून त्यांनी सर्वांत लांब केसांचा, सर्वांत बारीक ब्रश काढला आणि एक लहान डबी. डबीत वर्ख चिकटवायचा चिक होता. ब्रशाचे टोक त्यांनी चिकात बुडवले आणि ते हवेत धरून नुसते बसून राहिले.

“बाबा, घाला ना आत!”

“ओला चिक धरत नाही, पोरी. थोडा आवळू दे. मग तो घट्ट धरतो.”

“सव्वाचार झाले!”

“चिकाला घड्याळ कळत नाही.”

असे म्हणत ते फुंकर घालत राहिले. डॉक्टरसाहेब घड्याळ हातात घेऊन उभे होते, पॉमफ्रेसाहेब नखे खात होते. शेवटी जोनसनी करंगळीने टोकाला स्पर्श केला, मान डोलावली आणि ब्रश टॅबिथाच्या हातात दिला. “माझे डोळे नाहीत. तू कर.”

तो ब्रश माझ्या फटीत उतरला. सुरीने मला ओरखडले होते. हे केस मांजराच्या शेपटीसारखे मऊ होते. ते दुमडलेल्या कागदाला टेकले. टॅबिथाने श्वास रोखला आणि हात वर घेतला. निळी चिठ्ठी हळूहळू वर आली, धुळीने माखलेली, पण अख्खी.

डॉक्टरसाहेबांनी ती मोठ्याने वाचली. चारशे वर्षांहून जुन्या पोथीतले ते वाक्य होते: खारीच्या शेपटीच्या केसांची पेन्सिल घ्यावी आणि तिने मेरीमातेच्या झग्यावर निळा रंग भरावा. शिशाची कांडी लोकांच्या हातात येण्याच्या कितीतरी आधीचे ते वाक्य होते.

पॉमफ्रेसाहेब सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी टॅबिथाच्या हातातला ब्रश घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. “हे बघा! हे केस बसवलेत कशात? बदकाच्या पिसाच्या नळीत! पीस म्हणजे पेन. शेवटी पेनचंच पोर निघालं की नाही?”

खरेच की. केस पिसाच्या नळीत घट्ट बसवलेले होते. डॉक्टरसाहेबांच्याही कपाळाला आठी पडली. चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती.

“सर,” टॅबिथा म्हणाली, “मी आणि बाबा अकरा वर्षं खाटकाच्या माडीवर भाड्याने राहतो. म्हणून आम्ही खाटकाचे कुणी लागत नाही. चित्र काढतात ते केसांनी, पिसाने नाही. पीस हे त्यांचं बिऱ्हाड.”

“आणि आता पिसं मिळाली नाहीत तर लोक पत्र्याची नळी लावतात, साहेब,” जोनस म्हणाले. “तरी आम्ही तिला पेन्सिलच म्हणतो. घर बदललं म्हणून नाव बदलत नाही.”

डॉक्टरसाहेब हसले. मी त्यांना इतके मोठ्याने हसताना पुन्हा कधी ऐकले नाही. त्यांनी कच्च्या कागदावरची पॉमफ्रेसाहेबांची ओळ खोडली आणि कडेला स्वतः लिहिले: पेन, मूळ अर्थ पीस. पेन्सिल, मूळ अर्थ छोटी शेपटी. आधी रंगाऱ्याचा ब्रश, मग शिशाची कांडी. परस्परांशी नाते नाही. मग त्यांनी कागद पाकिटात घातला, आणि त्या वेळी पॉमफ्रेसाहेबांनी जे केले त्याबद्दल मी त्यांना सगळे माफ केले आहे. त्यांनी पाकीट उचलले, “चूक माझी, तर धावणं पण माझं,” असे म्हणाले आणि टोपी न घालता टपालाकडे धावत सुटले. टपालाची गाडी त्यांना गाठता आली. पुढे ते नाक्यावरून जाताना त्या हंसाला टोपी काढून नमस्कार करत.

सगळे चहाला गेले तेव्हा जोनस मात्र माझ्यापुढे बसून राहिले. ब्रश वर येताना फटीच्या काठावर थोडा चिक पुसला गेला होता. त्यांनी पेटीतून वर्खाचा कपटा काढला, खारीच्या शेपटीच्याच रुंद ब्रशावर उचलला आणि त्या चिकावर अलगद बसवला.

“अहो ग्रीनस्लेड, हे काय?” डॉक्टरसाहेबांनी दारातून विचारले.

“चिक उघडा ठेवायचा नाही, साहेब. त्याच्यावर काहीतरी बसणारच. धूळ बसण्यापेक्षा सोनं बसलेलं बरं.”

पुढे टॅबिथा बावीस वर्षे तिथे राहिली. पुढच्याच वर्षी तिला पॉमफ्रेसाहेबांच्या शेजारचे टेबल मिळाले आणि ज्या शब्दांची कुळे कुणाला लागत नसत ते शब्द तिच्याकडे जाऊ लागले. तो छापील भाग आला त्या दिवशी तिने वडिलांना कोठारात आणले. तोवर त्यांना काहीच दिसत नव्हते. तिने ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली.

“माझं नाव आहे का त्यात?” त्यांनी विचारले.

“नाही, बाबा. माझंही नाही. तुमची पेन्सिल आहे.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. त्यांनी चाचपडत माझी फट शोधली आणि सोन्यावरून अंगठा फिरवला. सायलसने पुढे दोनदा ती फट बुजवून देतो म्हटले, पण टॅबिथाने त्याला हात लावू दिला नाही.

मग शब्दकोश पूर्ण झाला. जाड जाड खंड निघाले, माणसे आपापल्या गावी गेली, चिठ्ठ्या पेट्यांत बंद झाल्या. काम संपले की मांडणीला कोण विचारतो? मी त्याच कोठाराच्या तळघरात कोळशाशेजारी उभी होते. उंदरांनी माझ्या तळच्या खणांत संसार थाटले. किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही, कारण तळघरात खिडकी नव्हती. शेवटी कोळसा न्यायला आलेल्या शाळेच्या शिपायाने मला पाहिले, दोन माणसांनी उचलून इथे आणले, आणि पहिल्याच दिवशी एका मुलीने आठव्या ओळीच्या चौथ्या खणात बूट ठेवले. वर तिने एक पेन आणि एक पेन्सिल ठेवली. मला बरे वाटले. दोन्ही पुन्हा शेजारी आली. शेजार असावा, त्यासाठी सख्खेपण कशाला लागते?

मित्रांनो, येत्या सुट्टीत मला हिरवा रंग द्यायचे ठरले आहे. रंग मला आवडेल. तेलाचे एक फडके आधी फिरवलेत तर फारच उपकार होतील. तळच्या फळ्या सैल झाल्या आहेत, त्यांनाही दोन खिळे मारा. पण एक विनंती आहे. रंगारी फटी बुजवायची लांबी घेऊन आठव्या ओळीशी आला की त्याला थांबवा. जुनी वस्तू नव्यासारखी दिसावी म्हणून तिच्या फटी बुजवण्याची आपल्याला फार घाई असते, जशी पॉमफ्रेसाहेबांना शब्दांची कुळे जुळवायची होती. तुम्ही आधी तिथे बोट घालून पाहा, वाकून पाहा, जमले तर मेणबत्ती धरून पाहा. कुणी सांगेल, दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणजे एकाच घरच्या. तुम्ही म्हणा, चिठ्ठी दाखवा. आणि कुणी म्हणेल, ही तर साधी बुटांची मांडणी. तेव्हा त्याचे बोट धरून त्या ठिपक्यावर ठेवा. एका पाट्या रंगवणाऱ्याने, डोळ्यांना नीट दिसत नसताना, माझ्या चुकीवर सोने बसवले आहे. तेवढे मात्र रंगाखाली जाऊ देऊ नका.